बंदिशाळेतला देव आणि अबोल उपासना

श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री घरोघरी पाळणा हलतो. दिवसभराचा उपवास, कीर्तनाचा रंग, बाराच्या ठोक्याला उधळला जाणारा गुलाल, हातावर पडणारा सुंठवडा आणि दुसऱ्या दिवशीचा गोपाळकाला या साऱ्या आनंदात एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटून जाते. ज्याचा पाळणा आपण एवढ्या कौतुकाने हलवितो, त्याच्या जन्मसमयी पाळणा नव्हता. ओटी भरणाऱ्या सुवासिनी नव्हत्या, दारी सनई नव्हती. होत्या त्या लोखंडी अर्गळा, साखळदंड आणि पित्याच्या पायांतील बेड्या. चौदा भुवनांचा स्वामी राजमंदिरात अवतरला नाही. तो बंदिशाळेत अवतरला.

भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु कथा ऐकणे निराळे आणि कथेने दाखविलेल्या वाटेने चार पावले चालणे निराळे. देव जेथे जन्मला, त्या जागी जन्माष्टमीच्या निमित्ताने तरी आपल्यापैकी कितीजण जातात? ज्या मातापित्यांनी पुत्राची वाट पाहत वर्षामागून वर्षे कंठिली, त्यांच्यासारखे वाट पाहणारे वृद्ध आज कोठे बसलेले आहेत? हे दोन प्रश्न मनात धरून आजच्या पर्वणीस एका आगळ्या उपासनेचा विचार करू. ती उपासना तरुणांनी करावयाची आहे, आणि तिच्यात शब्द नाहीत.

सागरापलीकडील सेवायात्रा

अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळींत एक प्रथा चांगली रुजलेली आहे. उन्हाळी सुट्टीत चर्चमधील शाळा-महाविद्यालयांची मुले-मुली, सोबत दोन-चार वडीलधारी माणसे घेऊन, आठवडाभरासाठी घराबाहेर पडतात. या प्रवासाला ते 'मिशन ट्रिप' म्हणतात. आपण सेवायात्रा म्हणू. कोठे पडक्या घरांची डागडुजी करावी, कोठे अन्नछत्रात वाढावे, असा त्यांचा क्रम असतो. अशा काही मंडळांनी मूकाभिनयाची उपासना आपलीशी केली आहे. काळा साधा पोशाख, चेहऱ्याला पांढरा रंग, हातांत पांढरे मोजे. ध्वनिमुद्रित भक्तिगीत सुरू होते आणि तोंडातून एक शब्दही न काढता ही मुले त्या गीताचा भाव हातांनी, डोळ्यांनी, चालण्या-वळण्यातून उभा करतात. कृष्णवर्णीय अमेरिकी मंडळींच्या प्रार्थनामंदिरांत तर हा प्रकार विशेष बहरला आहे.

ही मुले जेथे जातात ती ठिकाणे दोन: शुश्रूषागृहे आणि तुरुंग. तिकडे 'नर्सिंग होम' म्हटले की आपल्याकडल्यासारखे बाळंतपणाचे वा शस्त्रक्रियेचे लहान रुग्णालय समजत नाहीत. ज्यांना स्वतःचे स्वतः उठता-बसता येत नाही, अशा वृद्धांच्या कायम निवासाची ती जागा. अमेरिकेत अशी सुमारे १५ हजार शुश्रूषागृहे असून त्यांत १२ लाखांहून अधिक माणसे राहतात. या दोनच जागा का, याचे उत्तर त्यांच्या धर्मग्रंथात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात भुकेलेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान या सर्वांची केलेली सेवा ती माझीच सेवा, असा येशूच्या बोधाचा आशय आहे.

आपल्या वाचकांस यात नवल वाटू नये. भुकेल्या जिवाच्या ठायी देव पाहण्याची शिकवण आपल्या संतांनी गावोगाव दिली आहे. नवल वाटावे ते एवढ्याचेच की, ज्या समाजाचा देव साक्षात तुरुंगात जन्मला, त्या समाजाच्या उत्सवातून तुरुंग मात्र वगळला गेला.

शब्दांवाचून भक्ती

भक्ती म्हटली की आपल्याला आठवतो तो नामघोष. टाळ-मृदंगाच्या या भूमीत अबोल उपासना कोणास परकी वाटेल. पण किंचित मागे वळून पाहिले तर ती आपल्याच घरातली निघते.

पाणिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिताना पतंजलीने, म्हणजे सुमारे बावीस शतकांपूर्वी, कंसवधाचा प्रयोग करून दाखविणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. कंस केव्हाच मारला गेला, तरी 'कंसाला मारवितो' असे वर्तमानकाळी कसे म्हणता येते, हा तेथे व्याकरणाचा प्रश्न. उत्तर देताना पतंजली तीन प्रकारचे लोक सांगतो: प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कंसवध घडविणारे शोभनिक, चित्रांतून तो दाखविणारे, आणि शब्दांनी तो सांगणारे ग्रंथिक. यांपैकी शोभनिक हे मूक अभिनय करीत असावेत, असे काही विद्वानांचे मत आहे. इतरांना ते मान्य नाही. हा वाद विद्वानांकडे सोपवू. एवढे मात्र निश्चित की कृष्णकथा कानांनी ऐकण्याइतकीच डोळ्यांनी पाहण्याची वस्तू आहे, हे आपल्या पूर्वजांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यांतील वाचिक वगळले तरी तीन उरतात. अंगाची हालचाल उरते, वेशभूषा उरते आणि अंतःकरणातून उमटणारा सात्त्विक भावही उरतो. केरळात गुरुवायूरच्या मंदिरात आजही कृष्णनाट्यम् होते. कालिकतच्या सामूतिरी राजघराण्यातील मानवेद राजाने सतराव्या शतकात रचलेल्या 'कृष्णगीती'वर ते आधारलेले आहे. अवतारापासून स्वर्गारोहणापर्यंत आठ रात्रींचा तो क्रम. त्यात कंसवधाची एक रात्र. गायक मागे उभे राहून गातात आणि नट मुखाने काहीही न बोलता हस्तमुद्रा, नेत्र व पदन्यास यांनी कथा चालवितात. भाविक तेथे नाटक पाहावयास येत नाहीत. नवस म्हणून, अर्पण म्हणून ते हा प्रयोग देवापुढे करवितात. तेव्हा अबोल अभिनय ही पूजा होऊ शकते, याला याहून मोठा दाखला तो कोणता?

आपल्या महाराष्ट्रातही नाथांच्या भारुडांनी सोंगाला परमार्थाची पायरी बनविले. कोकणातील दशावतारी रात्री जागवितात. अंगाने कथा सांगण्याचे संस्कार या मातीत पुरेसे आहेत. ते घेऊन कोठे जावे, एवढाच प्रश्न आहे.

जेथे दार पुन्हा लागते

प्रथम बंदिशाळेकडे वळू. तुरुंगातील प्रत्येक माणूस गुन्हेगार, अशी आपली सोयीची समजूत असते. २०२२ सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, न्यायाधीन बंदी होते. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झालेले नव्हते. वसुदेव-देवकी ही तरी कोणत्या न्यायालयाने दोषी ठरविलेली माणसे होती? आकाशवाणीने कंसाला भय पडले आणि त्या भयापायी दोन निरपराध जीव बेड्यांत पडले. दोषी व निर्दोष यांचा निवाडा न्यायासनाने करावा, तो आपला अधिकार नव्हे. ज्यांचा अपराध सिद्ध झाला, त्यांच्याकडूनही समाजाचे देणे फिटले पाहिजे. अपराध ज्यांच्यावर घडला त्यांचे दुःख विसरून चालणार नाही. परंतु शिक्षा देणे हे शासनाचे काम, आणि माणसाला माणूस म्हणून भेटणे हे आपले.

आपल्या देशातील तुरुंगांनी परमार्थाचे फार मोठे धन पाहिले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. ती टिपून घेतली साने गुरुजींनी. त्या दोघांच्या हातून जन्मलेले 'गीता प्रवचने' आज देशभरच्या भाषांत वाचले जाते. त्याआधी मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. हे सारे राजबंदी होते, असे कोणी म्हणेल. मग बंगालकडे पाहू.

८ मार्च २००७ रोजी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कारागृहात नृत्यांगना अलकनंदा रॉय महिला दिनाच्या निमित्ताने गेल्या. तेथील बंद्यांना पाहून त्यांनी नृत्य शिकविण्याचे काम अंगावर घेतले. हिंसक गुन्ह्यांसाठी आत असलेले पुरुष, आणि त्यांना हात, मान, पाऊल यांची भाषा शिकवावयाची! पुढे या बंद्यांनी रवींद्रनाथांची 'वाल्मीकि प्रतिभा' ही गीतनाटिका बसविली. १८८१ साली रवींद्रनाथांनी ती रचली आणि स्वतः त्यात वाल्मीकीची भूमिका केली. विषय आपल्या ओळखीचाच: लुटारू रत्नाकर, आपला वाल्या कोळी, आणि त्याचा झालेला वाल्मीकी. बंद्यांच्या या संचाचे प्रयोग कारागृहाबाहेरील रंगमंचावरही झाले. रत्नाकराची भूमिका करणारा बंदी पुढे सुटून बाहेर आला, आणि याच घटनांवर आधारलेल्या 'मुक्तधारा' या २०१२ सालच्या बंगाली चित्रपटात त्याने काम केले.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली ही की त्या बाई एकदा जाऊन थांबल्या नाहीत. वर्षानुवर्षे जात राहिल्या. दुसरी ही की त्यांनी बंद्यांना केवळ प्रेक्षक केले नाही. हातात कला दिली आणि उभे केले.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तुरुंगात कृष्णजन्माचा मूकाभिनय करावयाचा म्हटले तर त्यात दारे आपोआप उघडतात, पहारेकऱ्यांना झोप लागते आणि वसुदेव बाळाला घेऊन बाहेर पडतो. ज्याचे दार उद्याही उघडणार नाही, त्याच्यापुढे हा प्रसंग करणे ही क्रूर थट्टा ठरणार नाही काय? भागवत नीट वाचले तर उत्तर सापडते. वसुदेव बाळाला गोकुळात ठेवून परत आला. यशोदेची कन्या देवकीच्या शेजारी निजविली आणि स्वतःच्या पायांत पूर्ववत बेड्या अडकविल्या. दारे पुन्हा लागली. देव जन्मास आला, तरी त्या रात्री आईबाप सुटले नाहीत. पुढे पश्चात्तापाच्या भरात कंसाने त्यांना एकदा मोकळे केले, आणि नारदाच्या बोलण्याने बिथरून पुन्हा साखळदंडांनी जखडले. खरी सुटका झाली ती कृष्ण मोठा होऊन मथुरेस आल्यावर.

म्हणजे ही कथा चमत्काराने सुटण्याची नाही; ती धीराने थांबण्याची आहे. वसुदेवाने परत येऊन बेड्या घालून घेतल्या तो क्षण मूकाभिनयात दाखवावाच. आशा म्हणजे दार उघडणे असे नाही. दार बंद असतानाही आपले काहीतरी मौल्यवान यमुनेच्या पैलतीरी सुखरूप वाढत आहे, ही खूण म्हणजे आशा. कोणाचे लेकरू गावी आजीपाशी शिकत असेल, कोणाची आई दिवा लावून बसली असेल. आत बसलेल्या माणसाला हे शब्दांत सांगू गेले तर तो उपदेश होतो, आणि उपदेश त्याने पुष्कळ ऐकलेला असतो. अबोल दृश्य मात्र ज्याचा त्याने आपल्यापुरता अर्थ लावण्यास मोकळे ठेवते. मौनाचा हा मोठा गुण आहे.

कारागृहातील बारसे

महिला बंद्यांच्या संदर्भात जन्माष्टमीचा अर्थ आणखी गहिरा होतो. तुरुंगात असलेल्या मातांना आपली लहान मुले सहा वर्षांची होईपर्यंत जवळ ठेवता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात या मुलांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरील रुग्णालयात व्हावे. आणि जन्म आतच झाला तर दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाची नोंद न करता केवळ त्या परिसराचा पत्ता लिहावा, असे त्यांत सांगितले आहे. बाळावर जन्मभराचा डाग लागू नये, हा हेतू. त्याच सूचनांत, परिस्थिती अनुकूल असेल तेथवर बाळाच्या नामकरणविधीच्या सोयी उपलब्ध करून द्याव्यात, असेही म्हटले आहे.

देशाचे सर्वोच्च न्यायासन कारागृहातल्या बारशाची आठवण ठेवते, हे वाचून भाविक मन भरून यावे. जगाने मात्र एका बाळाचे जन्मस्थान कधीच लपविले नाही. ते अभिमानाने मिरविले, त्याचे तीर्थ केले. जन्माष्टमीला एखाद्या महिला कारागृहात पाळणा हलवावयास मिळाला, तर तेथल्या मातेला शब्दांवाचून एवढे कळावे की तिचे लेकरू कोणत्या थोर परंपरेतले आहे. या उपासनेत मुलींनी पुढाकार घ्यावा. यशोदा लोणी घुसळते, बाळकृष्ण रवीला धरून बसतो, आई दावे घेऊन बांधावयास जाते आणि दावे दोन बोटे कमीच पडते, हा प्रसंग मूकाभिनयास फार अनुकूल आहे. मुले खळखळून हसतात. पुन्हा विचार करता त्यातही बंधन आहेच, पण ते प्रेमाचे.

देवकीची वाट

कृष्णकथेत तुरुंग आणि वृद्धाश्रम या दोन जागा एकाच ठिकाणी येतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. देवकी-वसुदेव बंदी होती, तशीच मुलाविना दिवस कंठणारी मातापितरेही होती. पुत्राचे रांगणे त्यांनी पाहिले नाही, बोबडे बोल ऐकले नाहीत.

कंसवधानंतर राम-कृष्ण धावत गेले ते आईबापांकडे. बंधने सोडविली, पायांवर मस्तक ठेवले. पण दशम स्कंधाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी मोठे विलक्षण वर्णन आहे. हे दोघे जगाचे ईश्वर आहेत हे जाणून देवकी-वसुदेव हात जोडून उभी राहिली. मुलांना पोटाशी धरण्यास त्यांचे मन धजले नाही. ज्याची वाट पाहिली तो समोर उभा, आणि मध्ये हे अंतर! मग पुढच्या अध्यायाच्या आरंभी कृष्ण नम्रपणे क्षमा मागतो. आमच्या बाळपणाचे सुख तुम्हांस मिळाले नाही, म्हणतो. ज्यांनी देह दिला त्यांचे ऋण शंभर वर्षांच्या आयुष्यातही फिटत नाही, म्हणतो. सामर्थ्य असूनही जो आईवडिलांना, वृद्धांना, लेकरांना पोसत नाही तो श्वास घेत असला तरी मेलेलाच, इतके कठोर बोल तो स्वतःच्याच मुखाने काढतो. ते ऐकून मातापित्यांनी मुलांना मांडीवर घेतले, कवटाळले, अश्रूंनी न्हाऊ घातले. आणि व्यास सांगतात की कंठ दाटून आल्यामुळे ती दोघे काहीच बोलू शकली नाहीत.

भागवतासारख्या वाणीच्या सागरात कथेचा परमोच्च क्षण अबोल आहे, हे ध्यानी घ्यावे. मूकाभिनयाचा आधार येथेच आहे. जेथे शब्द संपतात, तेथे हात पुढे येतात.

आजच्या वृद्धाश्रमांत देवकी-वसुदेव पुष्कळ आहेत. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली होती. आईवडिलांना पोसण्याचे दायित्व मुलांवर टाकणारा कायदा २००७ साली संसदेला करावा लागला. वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. कृष्णाने जे सांगितले, ते शेवटी दंडाच्या भाषेत लिहावे लागले. वृद्धाश्रमातील सर्वच आईवडील टाकलेले असतात, असे मात्र समजू नये. कोणी आपखुशीने येतात, कोणास मूलबाळ नसते, कोणाच्या मुलांचा खरोखर नाइलाज असतो. त्यांच्याकडे दयेच्या दृष्टीने पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अबोल उपासनेचा येथे एक सरळ व्यवहारी उपयोग आहे. वयोमानाने कान मंदावले की शब्दांतली व्यंजने आधी हरवतात. बोलणे कानी पडते पण उमगत नाही. मोठ्याने बोलावे तर ते ओरडणे होते. अशा माणसाला हाताचा, चेहऱ्याचा अर्थ मात्र कळतो. स्मृती हरपलेल्या वृद्धांविषयी तर परिचारकांचा नेहमीचा अनुभव आहे की नाव-गाव विसरलेली व्यक्तीही लहानपणी पाठ झालेल्या अभंगाची चाल लागली तर ओठ हलविते, टाळीचा ठेका धरते. म्हणून मागे मंद सुरात परिचित चाल असावी, पुढे सावकाश अभिनय असावा. समोरून ओवी आपोआप सुरू झाली तर अभिनय थांबवून ती ऐकावी. त्या क्षणी उपासक ती आजीबाई असते आणि आपण श्रोते.

भेटीचा तो प्रसंग वृद्धाश्रमात करावा काय? ज्यांची मुले येत नाहीत, त्यांच्या जखमेवरची खपली निघेल. त्याचा विचार आधी आश्रमाच्या व्यवस्थापकांशी करावा आणि नको म्हटले तर नको. करावयाचा झाला तर प्रयोग संपताच गाडीत बसून निघून जाऊ नये. एकेका वृद्धाशेजारी एकेकाने बसावे, हात हातात घ्यावा, ते जे सांगतील ते ऐकावे. अभिनय पंधरा मिनिटांचा, बसणे तासाभराचे, हे प्रमाण सोडू नये.

तयारी अंगाची आणि मनाची

एखाद्या गावचे तरुण मंडळ, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले किंवा भजनी मंडळातील नातवंडे असे कार्य हाती घेऊ इच्छीत असतील, तर काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

मूकाभिनयाची कला दिसते तितकी सोपी नाही. हातात टोपली नसते, तिचा भार मात्र दिसला पाहिजे. वसुदेवाने टोपली उचलताना आधी गुडघे वाकले पाहिजेत, मग पाठ, मग मान ताठ झाली पाहिजे. यमुनेचे पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला लागत गेलेले पावलांच्या गतीवरून कळले पाहिजे. नजर जेथे ठरते तेथे प्रेक्षकाला वस्तू दिसते. नजर चळली की टोपलीही नाहीशी होते. महिना-दीड महिना नित्य तालीम केल्यावाचून बाहेर पडू नये. देवापुढे कच्चे पान ठेवीत नाहीत. येथेही तोच नियम.

वृद्धांपुढे हालचाली मोठ्या आणि सावकाश असाव्यात. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, चेहरा अंधारात जातो. प्रकाश नटाच्या मुखावर यावा. पांढऱ्या रंगाने संपूर्ण चेहरा झाकल्यास स्मृती हरपलेले वृद्ध घाबरण्याचा संभव असतो. कपाळी गंध आणि डोक्याला मोरपीस एवढे आहार्य पुरे.

तुरुंगात अधीक्षकांच्या लेखी परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. अर्ज पुष्कळ आधी द्यावा, येणाऱ्यांची नावे व ओळखपत्रे द्यावीत, नेण्याच्या प्रत्येक वस्तूची यादी द्यावी. भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागतो. कोणाची चिठ्ठी, निरोप वा पैसा आत-बाहेर नेऊ नये. कोणालाही 'तुम्ही काय केलेत' असे विचारू नये. छायाचित्रांचा मोह धरू नये. सेवा छायाचित्रासाठी होऊ लागली की ती सेवा राहत नाही.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. देवळातला श्रोता कंटाळला तर उठून जातो. बंद्याला उठून जाता येत नाही, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धालाही नाही. त्यांच्या या अगतिकतेचा लाभ घेऊन भक्ती लादणे हा अधर्म होय. ज्याला यावयाचे त्याने यावे, न येणाऱ्याला कोणी बोलू नये. तेथे सर्व धर्मांची माणसे असतात. मौनातील कृष्णकथा आई-मुलाची कथा म्हणून कोणालाही पाहता येते. पण पाहावीच असा आग्रह नको. सागरापलीकडील सेवायात्रांनाही हाच कस लावावा आणि आपल्यालाही हाच.

आणि शेवटची अट. जे मूल वृद्धाश्रमात देवकीपुढे मस्तक ठेवण्याचा अभिनय करणार आहे, त्याने त्या दिवशी घरातून निघताना आपल्या आजीच्या पायांवर खरोखरीच मस्तक ठेवलेले असावे. गावी एकटे आजोबा असतील तर सेवायात्रेची पहिली पायरी त्यांचे दार. घरातील देवकी उपाशी ठेवून बाहेरच्या देवकीची पूजा मांडली, तर कृष्णाचे ते कठोर बोल आपल्यालाच लागू पडतील.

जन्मस्थान

एका भेटीने कोणाचे आयुष्य पालटेल असा अभिमान धरू नये. अष्टमीला गेलेल्यांनी दिवाळीला पुन्हा जावे, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जावे, पुढच्या अष्टमीला ओळखीच्या माणसांत जावे. वर्षभर पाळलेले व्रत हेच व्रत. एका दिवसाचा तो देखावा.

या अष्टमीच्या मध्यरात्री पाळण्याची दोरी हाती घ्याल तेव्हा, भाविक वाचकहो, क्षणभर टाळ थांबवावेत. त्या निःशब्द क्षणी आपल्याच गावाजवळच्या उंच भिंतींआड कोणी जागे असेल, एखाद्या आश्रमाच्या खाटेवर कोणी दाराकडे डोळे लावून पडले असेल, त्याची आठवण करावी. देवाने आपले जन्मस्थान निवडून ठेवले आहे. आपण फक्त तेथपर्यंत चालत जावयाचे आहे.